न हलणारा कुत्रा

चौकातून बाजाराकडे वळलं की कोपऱ्यावर एक फोटोचं दुकान होतं, आणि तिथल्या फोटोवाल्याला सगळा रस्ता 'हलूनका' म्हणायचा. म्हणजे पाठीमागे म्हणायचा; पण त्याची पाठ वळेपर्यंत थांबायची तसदी फारसं कुणी घेत नसे. त्याची बायको त्याला चारचौघांत 'अहो' म्हणे, आणि मनात जे म्हणे ते कागदावर उतरवण्याजोगं नव्हतं.

उभ्या जन्मात या गृहस्थाने एकच काम केलं. लोकांना गप्प बसवलं. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं, आपण कॅमेऱ्यामागे जायचं आणि घसा खाकरून म्हणायचं, "हलू नका." मग लगेच पुढे येऊन दोन बोटांनी गिऱ्हाइकाची हनुवटी धरायची आणि जराशी वर करायची. परत मागे. "हलू नका." परत पुढे, हनुवटी जराशी डावीकडे. लहान पोर असो, लग्नाचा मुलगा असो, नाहीतर गावाला दम देणारा फौजदार असो, त्याच्या हनुवटीला हलूनकाची बोटं लागल्याशिवाय फोटो निघाला असं कधी झालं नाही. त्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. लोकांच्या फोटोंत सगळ्यांची नाकं जरा वर ओढल्यासारखी दिसायची, ती त्यामुळे. बाहेरच्यांना वाटायचं, काय रुबाबदार गाव आहे!

बायकोसुद्धा त्याने अशीच निवडली. ती बापाबरोबर बसच्या पासाचा फोटो काढायला आली होती, तेव्हा वय एकोणीस. स्टुलावर जी बसली ती बसलीच. पापणी नाही लवली, खांदा नाही हलला. हलूनका चाट पडला. एवढी शांत मुलगी त्याने बघितली नव्हती. पंधरा दिवसांत त्याने मागणी घातली आणि बापाने हो म्हटलं. खरी गोष्ट अशी होती की तिच्या सँडलला खिळा वर आला होता आणि तो टाचेत घुसत होता. जरा हलली असती तर ओरडली असती. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. सुरुवातीला लाजेने नाही सांगितलं, आणि पुढे पुढे, सांगून याला काय कळणार म्हणून.

तो फोटो दुकानाच्या काचेत लागला तो कायमचा, आणि ती स्वतः मागच्या खोलीतल्या टेबलाशी लागली तीही कायमची. तिथे ती बारीक ब्रश घेऊन फोटोवरचे पांढरे ठिपके भरायची, कुणाचा तीळ पुसायची, कुणाच्या दाढीचा खुंट मऊ करायची. बसून बसून कंबर धरली, पाय सुजले. तिने कधी म्हटलं, जरा चालून येते, तर पुढून आवाज यायचा, "आत्ता कुठे? गिऱ्हाईक उद्या येणार आहे."

पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये कॅमेरे आले. गिऱ्हाईक आटलं. दुसरा कुणी असता तर चार नव्या गोष्टी शिकला असता. हलूनका म्हणाला, "लोकांना फोटो आणि चित्र यातला फरक कळत नाही," आणि खुर्चीत बसून राहिला. समोरच्या भिंतीवर रंगाच्या दुकानाने फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं. त्यातलं एक पान त्याने महिना संपला तरी उलटलं नाही. त्यावर एका कुत्र्याचा फोटो होता. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, कान पडलेले, नाक पुढे, शेपटी काठीसारखी सरळ, आणि पुढचा एक पाय उचलून दुमडलेला. खाली लिहिलं होतं, पॉइंटर.

"बघितलंस?" तो एके दिवशी बायकोला म्हणाला. "याला म्हणतात उभं राहणं. एक पाय वर, आणि तरी हलत नाही."

"फोटोत कोण हलतं?" ती म्हणाली.

त्याच्या ते डोक्यावरून गेलं. त्याच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. असा कुत्रा दुकानात उभा करायचा, शेजारी लोकांना उभं करायचं आणि थाटाचे फोटो काढायचे. फोनवाल्यांकडे कुठे असतो असा कुत्रा? त्याने जन्मात कुत्रा पाळला नव्हता. कुत्राच कशाला, कुंडीतलं झाडसुद्धा त्याच्या हातून जगलं नव्हतं.

त्याची थोरली बहीण पलीकडच्या दुकानात इस्त्री करायची. ती आली, तिने ऐकलं आणि म्हणाली, "अरे, कुत्राच पाळायचाय ना? माझ्या पायरीवर ती लंगडी बसते, ती घेऊन जा. बिचारी हाकललं तरी हलत नाही. तुला तेच हवंय ना?"

"ताई, जात नको का काही?"

"तुझी कुठली जात रे, बुलडॉग?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत निघून गेली.

बायकोला मात्र हसू आलं नाही. हा एखादी गोष्ट मनात घेतो तेव्हा ती कुणी निस्तरायची असते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शहराबाहेर एक माणूस शिकारी जातीचे कुत्रे वाढवायचा. हलूनका इस्त्रीचा शर्ट घालून तिथे गेला, बायकोला बरोबर घेऊन. तारेच्या कुंपणात सातआठ कुत्री होती. एक भुंकत होतं, दोन उड्या मारत होती, एक माती उकरत होतं. आणि कडेला एक पांढरा-तपकिरी कुत्रा, वय दीडेक वर्षाचं, हुबेहूब कॅलेंडरातल्यासारखा उभा होता. नाक पुढे, शेपटी सरळ, पाय वर. हलूनकाने टाळी वाजवली. कुत्रा हलला नाही. शीळ घातली. नाही हलला. हलूनकाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"हा!" तो म्हणाला.

कुत्रेवाला हातातली बादली खाली ठेवून आला. "पहिल्यांदाच पाळताय का?"

"पहिल्यांदा असलं म्हणून काय झालं? मला नजर आहे. आयुष्य गेलंय माणसं पारखण्यात."

"माणसांचं ठीक आहे हो. घराला अंगण आहे?"

"दुकान आहे. मागे दोन खोल्या."

"मग हा नको. याला रोज मोकळ्यावर पळवावा लागतो, थोडंथोडकं नाही, दमेपर्यंत. नाही पळवला तर घर खाईल. जातच तशी आहे यांची. रानात पक्षी हुडकायचा आणि मालकाला दाखवायचा, यासाठीच जन्मलेत. तुम्ही ती तपकिरी बघा. वय झालंय, गुणी आहे, दिवसभर झोपते."

हा म्हातारी खपवायला बघतोय, असं हलूनकाने ताडलं आणि बायकोकडे बघून डोळा बारीक केला. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा त्याचा एक समज होता. तो स्वतःच स्वतःला फसवत आल्यामुळे दुसऱ्या कुणाला तशी संधी मिळाली नव्हती, हे मात्र खरं.

"पण हा बघा ना कसा उभा आहे," तो म्हणाला.

"अहो साहेब, तो तसा उभा आहे कारण तारेपलीकडे कोंबडी आहे."

"असू दे की. तिचं काय बिघडवतोय तो?"

कुत्रेवाल्याने बायकोकडे बघितलं. बायकोने आकाशाकडे बघितलं.

परत येताना भाड्याच्या गाडीत कुत्रा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे आणि दुसरीतून पहिलीकडे असा येत-जात राहिला, आणि दर खेपेला हलूनकाच्या पोटावर पाय देऊन गेला. "नवीन आहे," हलूनका म्हणाला. "बुजलाय. घरी गेला की उभा राहील." त्याने वाटेतच नावही ठेवलं. पुतळा.

पुतळा दुकानात शिरला तो वाऱ्यासारखा. मागच्या खोलीत गेला, पुढे आला, स्टुलावर चढला, उतरला, तिन्ही दिव्यांना एकेक धक्का देऊन परत मागे गेला. हलूनका मधोमध उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, "हलू नका! हलू नका!" जन्माची सवय, कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो. इस्त्रीवाली बहीण दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अरे, जरा अदबीने सांग, साहेबांना राग येईल."

दुकानात फोटोच्या मागे लावायचा एक मोठा पडदा होता. त्यावर तळं रंगवलेलं, तळ्यात पाच बदकं. हलूनकाचा हिशोब असा की पक्षी दिसले की कुत्रा पाय उचलून उभा राहणार. त्याने पुतळ्याला पडद्यापाशी नेलं, बदकं दाखवली. पुतळ्याने पडद्याचा वास घेतला. रंगवलेल्या बदकाला वास नसतो, एवढी अक्कल त्या जनावराला होती. पण पाय त्याने उचलला खरा. मागचा उचलला, आणि तळ्यात भर घालून निघून गेला.

पुढच्या दिवसांत त्याने स्टुलाचं मखमल खाल्लं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा एक पाय चावून आखूड केला. हलूनकाची एक चप्पल खाल्ली, आणि दुसरी निरुपयोगी झाली म्हणून तीही खाल्ली. एक नवरा-बायको पोराला घेऊन थाटाचा फोटो काढायला आली, तर त्याने पोराच्या हातातलं बिस्किट नेलं, बाईच्या खांद्यावर पाय ठेवून तिचं तोंड चाटलं, आणि दोरी दिव्याच्या खांबाला गुंडाळून दिवा पाडला. "याचा फोटो मात्र मी काढला," तो नवरा फोन दाखवून म्हणाला आणि हसत गेला. हलूनकाच्या मनाला ते फार लागलं. दिवा फुटल्याचं नाही, फोनचं.

फिरवायला म्हणून हलूनका त्याला एकदाच घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत ऐटीत, एक हात कमरेवर ठेवून. खांबापाशी एक कबूतर बसलं होतं. पुतळा क्षणभर थिजला, कबूतर उडालं, पुतळा त्याच्यामागे गेला आणि दोरीला बांधल्यासारखा हलूनका पुतळ्यामागे गेला, आधी पायांवर, मग गुडघ्यांवर. घरी आल्यावर त्याने दोरी बायकोच्या टेबलावर टाकली. "तुझ्याच्याने होतंय का बघ. मला धंदा आहे."

धंदा कसला, कपाळ. पण ती उठली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, खांदा निखळतो की काय. दुसऱ्या दिवशी ती जुने बूट घालून गेली. बाजार संपतो तिथे बंद पडलेल्या वीटभट्टीचं माळरान होतं, गुडघाभर गवत, मध्ये विटांचे ढिगारे, माणूस औषधाला नाही. तिथे तिने दोरी सोडली. आता हा जातोय हातावर तुरी देऊन, असं मनात म्हणेस्तोवर पुतळा लांब ठिपक्याएवढा झाला, आणि मोठं रिंगण घालून परत आला. तिच्यापाशी येऊन जीभ बाहेर काढून बघितलं, आणि परत गेला. जसं काही विचारून गेला. ती त्या गवतात उभी होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय, तेही एकटीच.

काही दिवसांनी तिने ते बघितलं. पुतळा धावता धावता मध्येच थांबला, कुणीतरी कळ दाबल्यासारखा. नाक एका झुडपाकडे, शेपटी ताठ, पुढचा पाय वर. ती हळूहळू जवळ गेली. कॅलेंडरात नव्हतं ते जवळून दिसत होतं. त्याच्या मांड्यांची कातडी थरथरत होती, नाकपुड्या फुलत-मिटत होत्या, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हा शांत नव्हता मुळी. आतून सगळा पेटला होता, आणि नुसता दम धरून होता. झुडपातून फर्रकन तितर उडालं, पुतळ्याने मोकळा श्वास सोडला आणि तिच्याकडे बघितलं.

तिला तो सँडलमधला खिळा आठवला. "तुलाही शांत समजले होय रे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून कंबर दुखते हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. आणि पळून दमलेला पुतळा घरी येऊन टेबलाखाली तिच्या पायांवर डोकं टाकून झोपायचा, काही म्हणून खायचा नाही. पण हलूनकाला झोपलेला कुत्रा नको होता. "लोळत पडतो नुसता," तो म्हणायचा. आधी पळतो म्हणून तक्रार, मग लोळतो म्हणून तक्रार. "मला उभा पाहिजे. काचेत लावायला एक फोटो धड देत नाही, याला ठेवून करायचं काय?"

अशात एक दिवस टायरवाला पासासाठी फोटो काढायला आला. त्याचं गावाबाहेर जुन्या टायरांचं गोदाम होतं. हनुवटी हलूनकाच्या बोटांत असतानाच तो म्हणाला, "कुत्रा दांडगा आहे तुमचा. देता का? माझा मेला. राखणीला हवाय. रविवारी येतो न्यायला."

"न्या, नुसता हलतो," हलूनका म्हणाला. "हलू नका."

आत टेबलाशी तिचा ब्रश थांबला. ते गोदाम तिने बघितलं होतं. वीटभट्टीच्या वाटेवरच होतं. फाटकाशी एक लोखंडी खांब, खांबाला साखळी, आणि खांबाभोवती जमिनीत एक गोल चर पडला होता, घोटा बुडेल एवढा. आधीच्या कुत्र्याने चालून चालून पाडलेला. ते जनावर जन्मभर तेवढ्यात फिरलं आणि तेवढ्यात मेलं.

टायरवाला गेल्यावर ती पुढे आली. "कुत्रा कुठे जाणार नाही."

हलूनका बघतच राहिला. त्या तोंडातून असं वाक्य त्याने याआधी ऐकलं नव्हतं. "तू कोण ठरवणार? आणला कुणी?"

"आणला तुम्ही. सांभाळते मी."

"सांभाळून उपयोग काय? ज्यासाठी आणला ते करत नाही. हलतो!"

"नाही हलत. तुम्ही जागा चुकीची दाखवली. माळावर चला, उभा राहिलेला दाखवते."

"आणि हलला तर?"

"हलला तर रविवारी टायरवाल्याला द्या. मी तोंड उघडणार नाही. पण नाही हलला, तर तो माझा. मग त्याच्याबद्दल तुम्ही तोंड उघडायचं नाही."

दारातून इस्त्रीवाली म्हणाली, "मी साक्षीला आहे रे." ही बाई कामधंदा सोडून सगळीकडे वेळेवर कशी हजर असायची हे एक कोडंच होतं.

बोलून गेली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. माळावर त्या दिवशी पक्षी नसेल तर? वारा उलटा असेल तर? बोलाचालीत पैज लावली आणि एका मुक्या जिवाला त्या खांबावर टांगून ठेवलं, असं तिला वाटत राहिलं. टेबलाखाली पुतळा झोपेत पाय झाडत पळत होता.

शनिवारी सकाळी वरात निघाली. पुढे ती आणि पुतळा, मागे तिकाटणं खांद्यावर टाकून हलूनका, चामडी पिशवी, छत्री, उजेड परतवायचा पांढरा पत्रा. जणू राजवाड्यात बोलावणं आहे. त्यामागे इस्त्रीवाली, दुकान तसंच टाकून.

"अजून किती लांब?" हलूनका दर दहा पावलांवर विचारत होता. "उजेड जाईल."

"उजेड आत्ताच आलाय," बहीण म्हणाली. "तुझ्याच डोक्यात पडायचा राहिलाय."

माळावर तिने दोरी सोडली. पुतळा सुटला. पहिलं रिंगण गेलं, काही नाही. दुसरं गेलं. हलूनकाने तिकाटणं रोवलं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली विटेचा तुकडा लावला. "बघ," तो म्हणाला, "मी सांगत होतो. पळतोय नुसता." आवाजात आनंद होता. आपला कुत्रा वाईट निघाला तरी चालेल, पण आपलं म्हणणं खरं ठरावं, अशी माणसं असतात.

तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

आणि एका ढिगाऱ्यापाशी, झुडपासमोर पुतळा थांबला. नाक पुढे. शेपटी ताठ. पाय वर.

हलूनका कॅमेऱ्यामागे वाकला आणि तसाच राहिला. कॅलेंडर फिकं पडावं, एवढं सुंदर होतं ते. ऊन तिरकं, गवत सोनेरी, आणि मध्ये तो पांढरा-तपकिरी कुत्रा, दगडात घडवल्यासारखा. "हलू नका," हलूनका कुजबुजला. पुतळा हलला नाही. माशी नाकावर बसली तरी नाही. इस्त्रीवालीला शिंक आली ती तिने दोन्ही हातांनी दाबली.

"काढा," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "काढा ना!"

हलूनकाचं बोट बटणावर गेलं. गेलं आणि थांबलं. त्याने मान वाकडी केली. एक डोळा मिटला. मग उघडला.

"हनुवटी," तो म्हणाला.

"अहो, नको—"

पण तो निघाला होता. दोन बोटं पुढे करून, गवत तुडवत, सरळ कुत्र्याकडे. जन्मात एक हनुवटी याने जागच्या जागी राहू दिली नव्हती, ती आज राहू देणार होता? तो पुतळ्यापाशी पोचला, खाली वाकला, आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून जराशी वर केली. आणि ती नीट दिसावी म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. ते पाऊल नेमकं झुडपात पडलं.

फर्रर्र! तितर त्याच्या नाकासमोरून वर गेलं. हलूनका मागे कोसळला, छत्रीवर. पत्रा वाजला. तिकाटण्याखालची वीट सरकली आणि कॅमेरा गवतात आडवा झाला. पुतळा झेपावला आणि पक्ष्यामागे माळ ओलांडून दिसेनासा झाला.

इस्त्रीवालीने एवढा वेळ दाबलेली शिंक दिली.

"बघितलंस!" हलूनका खालूनच ओरडला. "हलला! हलला की नाही?"

बायको त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. त्याला उठायला तिने हात दिला नाही. "कोण हललं?" तिने विचारलं.

"तो! तो—"

"तुम्ही वाकलात, हनुवटी धरलीत, तोवर तो उभा होता. तुमची बोटं तोंडाला लागली तरी उभा होता. कोण हललं ते सांगा."

हलूनकाने तोंड उघडलं. मग बहिणीकडे बघितलं. बहीण नाक पुसत म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी तर शिंकसुद्धा हलू दिली नाही."

बायको पुढे बोलली नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, इतक्या वर्षांचं साचलेलं, सँडलच्या खिळ्यापासूनचं. पण समोर छत्रीवर बसलेल्या त्या माणसाकडे बघून तिला वाटलं, एवढं सगळं वाया कशाला घालवायचं. तिने शीळ घातली. शीळ घालता येते हे तिचं तिलाच अलीकडे कळलं होतं. लांबून एक ठिपका वळला आणि मोठा होत आला.

परत येताना तिकाटणं तिनेच उचललं, कारण हलूनका लंगडत होता. तो वाटभर पुटपुटत होता की हनुवटी खरोखरच खाली होती, जराशी वर हवी होती, कुणालाही विचारा.

रविवारी टायरवाला आला. हातात साखळी होती, नवी, तेल लावलेली. हलूनका दुकानात एकटाच स्टुलावर बसला होता, मखमल नसलेल्या. दुखरा पाय दुसऱ्या स्टुलावर. बायको कुत्र्याला घेऊन माळावर गेली होती. तिने जाताना सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि टेबलावर ठिपके भरायचे फोटो तसेच पडले होते.

"काय हो, कुठाय कुत्रा?" टायरवाला म्हणाला.

हलूनकाने भिंतीकडे बघितलं. मग काचेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या फोटोच्या पाठीकडे बघितलं. आतून फक्त पुठ्ठा दिसत होता. या माणसात सांगण्यासारखं काही नव्हतं. ना शहाणपण, ना माया, ना धंद्याची अक्कल. पण एक होतं. जो हलला नाही तो हलला, असं खोटं त्याने कधी कुणाबद्दल सांगितलं नव्हतं. त्याच्या दुनियेत तेवढं एकच पाप होतं.

"द्यायचा नाही," तो म्हणाला.

"का हो? त्या दिवशी तर न्या म्हणालात. हलतो म्हणालात!"

"नाही हलला," हलूनका म्हणाला. तोंड असं केलं जसं कुणी दाढ उपटतंय. "हनुवटी जरा खाली होती. पण हलला नाही."

टायरवाला साखळी वाजवत निघून गेला. पलीकडून इस्त्रीच्या वाफेचा आवाज आला, आणि कुणीतरी मोठ्याने हसलं. हलूनकाने उठून कॅलेंडराचं पान उलटायला हात वर केला, पाय दुखला, म्हणून परत बसला आणि पान तसंच राहिलं.